कामगाराचा आजार आणि कंपनीच्या डॉक्टरची साक्ष

कामगाराच्या आजारपणावरून न्यायालयात जाणाऱ्या वादांत प्रश्न साधारण तीनच असतात. आजार कामामुळे जडला का, आजारी माणूस आपले काम पुढे करू शकेल का, आणि इजेमुळे त्याची कमाई किती बुडाली? तिन्हींसाठी डॉक्टरची साक्ष काढली जाते. पण पहिला प्रश्न बहुतांशी वैद्यकाचा आहे, दुसरा जेमतेम अर्धा, आणि तिसरा फार थोडा. हा फरक कागदावर सर्वांना मान्य असतो. सुनावणीत मात्र तो पुष्कळदा विसरला जातो.

साक्ष देणारे डॉक्टरही एका जातीचे नसतात. कारखान्याचा वैद्यकीय अधिकारी मालकाच्या पगारावर असतो. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांत त्याने औद्योगिक आरोग्याचे वेगळे शिक्षण घेतलेले असावे अशी अपेक्षा असते. त्यासाठीचा ‘एएफआयएच’ हा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत चालतो. प्रमाणक शल्यचिकित्सक हा सरकारने नेमलेला. त्याचे त्या कारखान्यात हितसंबंध नसावेत आणि तो तिथला नोकर नसावा, असे 1948 च्या कारखाना अधिनियमाने कलम 10 मध्येच सांगून ठेवले. राज्य कामगार विमा योजनेखालच्या कामगाराचे अपंगत्व मेडिकल बोर्ड ठरवते. आणि चौथा, कामगाराचा नेहमीचा डॉक्टर. त्याला रुग्ण चांगला माहीत असतो, पण रुग्ण कोणत्या खात्यात, कोणत्या यंत्रावर, कशाच्या धुरळ्यात उभा असतो हे त्याने पाहिलेले नसते. कंपनीच्या डॉक्टरने ते पाहिलेले असते. मात्र त्याचा पगार कोण देतो, हा उलटतपासणीतला पहिला प्रश्न ठरलेला.

आजाराचे कारण सिद्ध करण्याचे ओझे कायद्याने काही प्रमाणात हलके केले आहे. 1923 च्या नुकसानभरपाई अधिनियमाला व्यावसायिक रोगांची अनुसूची जोडलेली होती. ठरावीक काम करणाऱ्याला त्या कामाशी जोडलेला रोग जडला, तर तो कामातूनच उद्भवला असे गृहीत धरायचे आणि तसे नाही हे मालकाने दाखवायचे. अनुसूचीच्या ‘ब’ भागातल्या रोगांसाठी सलग सहा महिन्यांची नोकरी पुरे होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, तरी मूळ चौकट कायम आहे.

म्हणजे वाद निदानावर येतो. बहिरेपणाचे उदाहरण घ्या. प्रेस शॉपमध्ये वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाला ऐकू येत नाही. कंपनी म्हणते, वय झाले. गोंगाटाने आलेल्या बहिरेपणात बहुधा दोन्ही कानांची श्रवणशक्ती 4000 हर्ट्झच्या आसपास आधी खचते आणि ऑडिओग्रामवर तिथे खाच दिसते. वयामुळे येणाऱ्या बहिरेपणात रेषा वरच्या स्वरांकडे हळूहळू उतरत जाते. निवृत्तीच्या वयाला दोन्ही एकमेकांत मिसळतात. अशा वेळी डॉक्टरच्या पदव्यांपेक्षा नोकरीला लागतानाचा ऑडिओग्राम जास्त बोलतो. तो काढलेलाच नसेल, तर तज्ज्ञाचे मत अंदाजापलीकडे फारसे जात नाही.

सूतगिरण्यांतल्या बिसिनोसिसची खूण त्याहून वेगळी. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, आठवड्यात पुढे त्रास कमी होतो. पाळीच्या आधी आणि नंतर फुंकून घेतलेली फुप्फुसाची चाचणी हे दाखवू शकते, पण ती गिरणीतच, योग्य दिवशी घ्यावी लागते. दवाखान्यात महिन्याभराने घेऊन उपयोग नाही. सिलिकोसिसची गत सर्वांत वाईट. दगड फोडणाऱ्याच्या छातीचा एक्स-रे पाहून क्षयाचे औषध सुरू होते, कारण धुरळ्याच्या कामाचा इतिहास कोणी विचारलेलाच नसतो. शिवाय सिलिकोसिस झालेल्याला क्षयाची लागण लवकर होते, त्यामुळे ते निदान पूर्णपणे चुकीचेही म्हणता येत नाही. केसपेपरवर ‘क्षय’ एवढेच राहते आणि भरपाईचा दावा तिथेच अडकतो.

दुसरा प्रश्न ‘फिट’ की ‘अनफिट’ याचा. सततच्या अनारोग्यामुळे केलेली सेवासमाप्ती औद्योगिक विवाद अधिनियमाने कामगार कपातीच्या व्याख्येतून वगळली होती, म्हणजे कपातीची भरपाईही नाही. साहजिकच ‘अनफिट’ हा एक शब्द मालकाला फार सोयीचा ठरतो. राजस्थान राज्य परिवहन महामंडळाने दृष्टी मंदावलेल्या चालकांना याच वाटेने काढले. कायद्याच्या भाषेत ही कपात नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. पण पर्यायी काम शोधण्याची आणि जादा भरपाई देण्याची योजना महामंडळावर घातली. डॉक्टरचे डोळ्यांबद्दलचे मत खरेच होते. त्या डोळ्यांनी महामंडळात दुसरे काय काम होईल, हे मात्र त्याला कोणी विचारले नव्हते आणि विचारून उपयोगही नव्हता. ते प्रशासनाने सांगायचे.

मुंबई उच्च न्यायालयाने 1997 मध्ये ही रेषा आणखी स्पष्ट आखली. एचआयव्हीबाधित असल्याचे वैद्यकीय तपासणीत आढळल्याने एका हंगामी कामगाराला सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने काम नाकारले होते. न्यायालयाने त्याला नाव गुप्त ठेवून दाद मागू दिली आणि सांगितले की तपासणीतला निष्कर्ष म्हणजे अपात्रता नव्हे. तो माणूस नेमून दिलेले काम करू शकतो का, आणि इतरांना त्याच्यापासून खरोखर धोका आहे का, एवढेच पाहायचे. सरकारी आस्थापनांपुरते 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढण्यास वा खालच्या पदावर टाकण्यास बंदीच केली आहे.

तिसऱ्या प्रश्नात डॉक्टर टक्केवारी सांगतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचे प्रकरण आले. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. तक्त्यानुसार हे आंशिक अपंगत्व, असा मालकाचा युक्तिवाद. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून कमाईची हानी शंभर टक्के, असे न्यायालयाने ठरवले. 2010 मध्ये मोटार अपघाताच्या एका दाव्यात याच न्यायालयाने नियम नेमका मांडला: अपंगत्व किती, एवढे डॉक्टरने सांगावे, त्यामुळे कमाई किती घटली, हे न्यायाधिकरणाने व्यवसाय, वय आणि उरलेली क्षमता पाहून ठरवावे. उपचार न करता तयार दाखले देणाऱ्या डॉक्टरांपासून सावध राहण्याचा इशाराही त्यात होता. गंमत अशी की तक्त्यात नसलेल्या इजांच्या बाबतीत 1923 च्या कायद्याने कमाईच्या हानीचा अंदाज डॉक्टरवरच सोपवला होता. भरपाई आयुक्तांपुढच्या कामात ही ओढाताण वारंवार दिसते.

तज्ज्ञाचे मत न्यायालयावर बंधनकारक नसते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 39 खाली ते विचारात घेण्याजोगे ठरते इतकेच. म्हणूनच मतामागची कारणे, तपासणीच्या तारखा आणि धुरळ्याची वा आवाजाची मोजमापे यांना मोल येते. मालकाला अपघाताची सूचना मिळाल्यापासून तीन दिवसांत मोफत तपासणी देऊ करता येत असे आणि ती नाकारणाऱ्या कामगाराचा भरपाईचा हक्क तोवर स्थगित राही. त्या तपासणीच्या अहवालाची प्रत वेळेवर हाती पडावी, यासाठी कामगारांना झगडावे लागते.

ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 रोजी प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद कामाला लागल्यापासून किमान 40 वर्षे किंवा नोकरी सुटल्यावर 15 वर्षे, यांतली जी मुदत नंतर संपेल तिथवर जपण्याचा आदेश दिला. ॲस्बेस्टॉसचे काही आजार दिसायला दोन-तीन दशके लागतात, त्यामुळे ही मुदत वाजवी आहे. कंत्राटी कामगार मात्र त्या काळात चार-पाच ठेकेदारांकडे फिरलेला असतो आणि त्याचा पहिला एक्स-रे त्यांच्यापैकी एकाकडेही सापडत नाही.