आयकराचे विवरणपत्र : स्वतः भरावे की भरून घ्यावे?



आपल्या उसाची गाडी काट्यावर चढली म्हणजे आपण काय करतो? बैलगाडी असो की ट्रॅक्टरची ट्रॉली, मालक काट्याच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहतो. भरल्या गाडीचं वजन बघतो, रिकाम्या गाडीचं बघतो, पावती खिशात घालतो आणि मगच चहाला जातो. काट्यावरचा माणूस ओळखीचा आहे म्हणून कोणी घरी झोपून राहत नाही. पण आयकराचे विवरणपत्र भरायची वेळ आली की हीच चोख माणसं पॅन कार्ड आणि मोबाईलवर आलेला ओ.टी.पी. दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळी होतात.

काहीजण म्हणतील, शेतकऱ्याला कशाला आयकर? म्हणणे खोटे नाही. उसाचे बिल हे शेतीचे उत्पन्न. आयकर कायदा, १९६१ च्या कलम १० (१) प्रमाणे ते करमुक्त होते आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यातही ती सूट ठेवलेली आहे. ज्याचे सारे उत्पन्न शेतीचेच आहे त्याला साधारणतः विवरणपत्राची भानगड नाही. परंतु आज असे निव्वळ शेतीचे घर शोधावे लागते. एक मुलगा शेती बघतो, दुसरा मुंबई-पुण्याला नोकरीत. कोणाचा ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला लागलेला, कोणाच्या बँकेत ठेवी. कारखान्याच्या शेअर्सवरचा लाभांश आणि ठेवीवरचे व्याज हेसुद्धा शेतीचे उत्पन्न नव्हे. तेव्हा हा विषय आपल्या उंबऱ्याच्या आत आलेला आहे.

तो माझ्या घरात कसा आला ते सांगतो. माझा पुतण्या बोरीवलीला राहतो. अंधेरीला खाजगी कंपनीत नोकरी, बोरीवली पूर्वेला भाड्याची खोली, आणि गावाकडे सातबाऱ्यावर त्याच्या वाट्याची जमीन. २०२५ च्या दिवाळीनंतर मी रातराणीने नॅन्सी कॉलनीच्या डेपोवर उतरलो. मनात होते, त्याने स्वतःची जागा घ्यायचे ठरवले आहे, चार दिवस राहू, नॅशनल पार्क बघू. घरी गेलो तर पोराचा चेहरा उतरलेला.

गृहकर्जासाठी बँकेने मागच्या वर्षांची विवरणपत्रे मागितली होती. याने आयकर खात्याचे संकेतस्थळ उघडायला घेतले तर ते उघडेना. नोंदवलेला ई-मेल याचा नव्हताच. विवरणपत्र भरून देणाऱ्याने परस्पर एक पत्ता तयार करून टाकला होता. मोठ्या खटपटीने खाते उघडले आणि बघतो तर काय, जुलै २०२४ मध्ये भरलेल्या विवरणपत्रात याच्या नावाने एका राजकीय पक्षाला सव्वा लाखाची देणगी! याने आयुष्यात वर्गणी दिली ती गणपती मंडळाला. या देणगीच्या जोरावर पगारातून कापलेल्या करापैकी ३९,००० रुपये परत आले होते आणि त्यातले वीस टक्के, म्हणजे ७,८०० रुपये, भरून देणाऱ्याने मेहनताना म्हणून घेतले होते. शेतीच्या उत्पन्नाच्या रकान्यात शून्य.

“अरे, तू बघितलं नाहीस?” मी विचारले.

“काका, कंपनीतल्या सगळ्यांचंच तो भरतो. पैसे परत आले, मग मी कशाला बघतोय?”

खात्याची सूचना त्या परक्या ई-मेलवर येऊन पडली होती. नशीब एवढेच की चौकशीची रीतसर नोटीस अजून निघालेली नव्हती. मग एका चार्टर्ड अकाउंटंटकडे जाऊन अद्ययावत विवरणपत्र भरले. घेतलेले ३९,००० परत, वर व्याज, आणि या दोन्हींवर २५ टक्के जादा कर. ज्याने खोटे लिहिले तो ७,८०० घेऊन मोकळा, आणि ज्याने बघितले नाही त्याची जागेसाठी साठवलेली रक्कम गेली. नोटीस निघून खोटी माहिती सिद्ध झाली असती, तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकला असता.

हे एकट्या आमच्या घरी घडले असे समजू नका. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने देशभर १५० ठिकाणी अशा खोट्या वजावटींची तपासणी केली. जिथे पुरावे सापडले त्यात महाराष्ट्राचे नाव आहे. आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपण होऊन विवरणपत्रे दुरुस्त केली आणि १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले. एकाच वेळी शेकडो विवरणपत्रे भरण्यापुरते ई-मेल तयार करायचे आणि मग टाकून द्यायचे, त्यामुळे सूचना कोणी वाचतच नाही, हेही खात्याने तेव्हा सांगितले.

मग माणूस नको, यंत्रच बरे, असे म्हणावे काय? तेही बघू. खात्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर विवरणपत्र भरायला एक पैसाही पडत नाही. पगार, कापलेला कर, बँकेचे व्याज यांचे बरेच आकडे तिथे आधीच भरून आलेले असतात. आपण ते फॉर्म १६, बँक पासबुक आणि खात्याच्या वार्षिक माहिती पत्रकाशी ताडून बघायचे. भरल्यावर ३० दिवसांच्या आत आधारच्या ओ.टी.पी.ने पडताळणी करायची. ती राहिली तर भरलेले विवरणपत्र वेळेत भरले असे धरले जात नाही. खाजगी कंपन्यांची सॉफ्टवेअरही आहेत. ती प्रश्न विचारत विचारत भरून घेतात आणि काहीजण त्याचे पैसे लावतात.

यंत्राचा गुण असा की ते आपल्या मनाने देणगी लिहीत नाही. दोष असा की जे सांगितले नाही ते त्याला कळत नाही. गावच्या सातबाऱ्यावर तुमचे नाव आहे हे बोरीवलीतल्या कॉम्प्युटरला कोण सांगणार? आणि आपल्या मुलांची चूक नेमकी इथेच होते. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, मग लिहायचे कशाला, असे त्यांना वाटते.

लिहायचे याचे कारण हिशेबाने बघा. २०२५-२६ या वर्षी नव्या करपद्धतीत एखाद्याचे पगाराचे करपात्र उत्पन्न, प्रमाणित वजावट जाऊन, १४ लाख आहे. त्यावर कर ९०,००० रुपये. आता त्याच्या वाट्याच्या शेतीचे निव्वळ उत्पन्न ३ लाख धरा. कायदा सांगतो, आधी दोन्हींची बेरीज करा. १७ लाखांवर कर होतो १,४०,०००. मग शेतीच्या ३ लाखांत ४ लाखांची मूळ मर्यादा मिळवा. त्या ७ लाखांवरचा कर १५,००० रुपये, तो वजा करा. राहिले १,२५,०००. म्हणजे शेतीवर थेट कर नाही, पण पगारावरचा कर ३५,००० रुपयांनी चढला. ४ टक्के उपकर धरून ३६,४००. शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांहून जास्त आणि इतर उत्पन्न मूळ मर्यादेच्या वर असले की ही रीत लागू होते. शिवाय अशा नोकरदाराला सोपा आय.टी.आर.-१ चालत नाही, आय.टी.आर.-२ भरावा लागतो. शेतीचे उत्पन्न ५ लाखांच्या वर गेले तर जमीन कोणत्या जिल्ह्यात, किती एकर, स्वतःची की खंडाची, बागायत की जिरायत, हेही द्यावे लागते. त्यासाठी उसाची बिले, खत-बियाण्याच्या पावत्या आणि मजुरीची वही जपून ठेवायला हवी. ‘निव्वळ’ म्हणजे खर्च वजा जाता. वही नसेल तर वजा काय करणार?

आता निवड कशी करावी ते सरळ सांगतो.

ज्याला एकच पगार किंवा पेन्शन आहे, बँकेचे व्याज आहे आणि शेती नाही, त्याने स्वतः भरावे. एक संध्याकाळ पुरते. घरातली कॉलेजात जाणारी मुलगी शेजारी बसवा, तिलाही शिकायला मिळेल.

पगार आणि शेती दोन्ही असतील तर पहिल्या वर्षी जाणकाराला पैसे देऊन, त्याच्या शेजारी बसून भरून घ्यावे. कोणता आकडा कुठे जातो ते समजून घ्यावे. पुढच्या वर्षी स्वतः भरावे.

ज्याचा ट्रॅक्टर-ट्रक वाहतुकीला आहे, दुकान आहे, जमीन किंवा फ्लॅट विकला आहे किंवा नोटीस आली आहे, त्याने चार्टर्ड अकाउंटंट गाठावा. गुऱ्हाळवाल्यानेही विचारून घ्यावे. उसाला ऊस म्हणूनच बाजार असल्याने गुळाच्या नफ्याचा हिशेब वेगळा पडू शकतो. जमीन विक्रीत तर नगरपालिकेपासूनचे अंतर मोजले जाते. त्या नगरपालिकेच्या लोकसंख्येप्रमाणे दोन, सहा किंवा आठ किलोमीटरच्या हद्दीत कर लागू शकतो, त्यापलीकडच्या शेतजमिनीची गोष्ट वेगळी. इथे चार पैसे वाचवायला जाऊन लाखाला मुकू नये.

भरून देणारा माणूस पारखायचा कसा? जो आधी कागद मागतो तो चांगला. “शेती आहे का?” असे जो विचारतो तो अधिक चांगला. जो कागद न बघता “इतके परत मिळवून देतो” म्हणतो आणि परताव्यात टक्केवारी मागतो, त्याच्या दारातून मागे फिरावे. मेहनताना कामाचा ठरवावा. मोबाईल आणि ई-मेल आपलाच नोंदवावा, पासवर्ड आपल्याजवळ ठेवावा. ओ.टी.पी. म्हणजे आपला अंगठा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊन घरेच्या घरे बुडालेली आपल्या वाडवडिलांनी पाहिली आहेत. पूर्ण विवरणपत्र वाचल्यावरच तो द्यावा आणि पोचपावतीची प्रत उसाच्या बिलांच्या फाईलमध्ये लावावी.

पगारदारांची नेहमीची मुदत ३१ जुलै असते. त्या वेळी इकडे आडसाली लागणीची गडबड, तिकडे पोरांची लोकलची धावपळ. म्हणून जूनमध्येच मुलाला फोन करून शेतीचा आकडा कळवावा. तो त्याला ठाऊक नसतो, तुम्हालाच ठाऊक असतो.

पुतण्याचे कर्ज पुढे मंजूर झाले, सहा महिने उशिरा, आणि जागाही आधी ठरवलेल्यापेक्षा लहान मिळाली. परवा फोनवर म्हणाला, “काका, या वर्षीच्या उसाचा खर्च लिहून पाठवा, मी स्वतः भरणार आहे.” मी वही काढून बसलो. खताच्या दोन पावत्या सापडत नव्हत्या, त्या सोसायटीतून पुन्हा मागून घेतल्या. यंत्र असो की माणूस, विवरणपत्राच्या शेवटी ‘ही माहिती खरी आहे’ असे सांगणारे नाव आपले असते. मग काट्याजवळ आपणच उभे राहिले पाहिजे.