पाठीवरून कुळी ओळखू नये

प्रवाळाचा दगड उलटला की त्याखालचे काटेरी हात लगबगीने अंधार शोधत पळतात. त्यातला एखादा धरलात तर तो तुटून तुमच्या बोटांत राहतो आणि प्राणी निसटतो. भंगुरतारा हे नाव त्यावरूनच. तारामीनाशी त्याचे नाते आहे, पण चाल निराळी. तारामीन नलिकापादांवर सरकतो, तर हा हातांनी वल्ही मारत धावतो. प्रत्येक हातात चुन्याचे मणके एकापुढे एक ओवलेले असतात. मधल्या तबकडीत जठर असते. गुदद्वार नाही, त्यामुळे न पचलेले अन्न तोंडावाटेच बाहेर पडते.

उथळ उष्ण समुद्रातली त्यांचा मोठा, देखणा गट म्हणजे ऑफिओकोमिडी कुल. स्वीडिश अभ्यासक ल्युंगमन यांनी १८६७ साली ते मांडले. त्यातल्या ऑफिओकोमा या नावाचा अर्थ सापाचे केस! ऑफिओकोमा स्कोलोपेन्ड्रिना या जातीच्या नावात गोम आहे. भरती चढू लागली की ही जात काही हात फटीत रोवते आणि उरलेल्यांनी पाण्याच्या पृष्ठावरचा तवंग झाडून खाते. इतकी सुंदर जेवणाची रीत मला दुसऱ्या भंगुरताऱ्यात माहीत नाही.

कुल ओळखायचे तर तोंड पाहावे. पाच जबडे, त्यांच्या टोकांशी दात, दातांखाली बारीक गुटिकांचा झुबका आणि जबड्याच्या कडांनाही गुटिका. ऑफिओट्रायकिडी कुलात झुबका असतो, कडा मात्र मोकळ्या.

कुलाच्या आतल्या वाटण्या मात्र बराच काळ पाठीकडे पाहून होत होत्या. तबकडीवर दाणे असले की ऑफिओकोमा, नुसती कातडी असली की ऑफिआर्थ्रम. २०१९ मध्ये अभ्यासक ओहारा आणि सहकाऱ्यांनी कुलातल्या ४३ पैकी ३९ जातींची जनुके तपासली आणि ही मांडणी ढासळली. आता प्रजाती, म्हणजे जातींचे गट, चार: ऑफिओकोमा, ऑफिओमॅस्टिक्स, ब्रेव्हिटुर्मा आणि शरीर दुभंगून वाढणाऱ्या जाती जिच्यात आहेत ती ऑफिओकोमेला. ऑफिआर्थ्रम ऑफिओमॅस्टिक्समध्ये विलीन झाली. माझ्या मते ही दुरुस्ती फार उशिरा झाली.

कॅरिबियन समुद्रातली वेंड्टी ही जातसुद्धा तेव्हाच ऑफिओमॅस्टिक्समध्ये गेली. ती दिवसा गडद असते, रात्री फिकी. २००१ मध्ये जोआना आयझेनबर्ग यांनी तिच्या हातांवरचे कॅल्साइटचे सूक्ष्म उंचवटे म्हणजे भिंगे असल्याचे मांडले आणि जग थक्क झाले. पण २०१८ मध्ये लॉरेन समनर-रूनी यांच्या गटाला प्रकाशग्राही पेशी भिंगांखाली सापडल्या नाहीत. त्या उंचवट्यांच्या मधल्या कातडीत होत्या. २०२० मध्ये याच गटाने दाखवले, की दिवसा पसरणारे रंगकण तिरपा प्रकाश अडवतात, म्हणून तिला आकार दिसतात. रात्री रंगकण आकसतात आणि ती दृष्टीही जाते.

लक्षद्वीपला किंवा अंदमानला ओहोटीच्या वेळी भंगुरतारा दिसला, तर पाठीबरोबर तोंडाकडूनही छायाचित्र घ्या. हात ओढू नका. उचललेला दगड होता तसाच ठेवा.