सुई, मणी आणि शुभेच्छापत्र



कापडाला सुईने पडलेले छिद्र बुजते. कागदाला पडलेले बुजत नाही. कापडाचे धागे सुईच्या टोकाला बाजूस सरून वाट देतात आणि टाका उसवला तर बोटाने जरा चोळताच पुन्हा जवळ येतात. कागदाचे तंतू एकदा तुटले की तुटले. टाक्यांचे आणि मण्यांचे शुभेच्छापत्र करावयास बसणाऱ्याने प्रथम ध्यानी धरावयाची गोष्ट ती हीच. भरतकामात ज्यांचा हात चांगला बसलेला आहे, अशा भगिनींचीही पहिली एकदोन पत्रे पुष्कळदा फाटतात, याचे कारण त्यांच्या हाताला असलेली कापडाची सवय.

छापील शुभेच्छापत्राचा जन्म विलायतेतला. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल या गृहस्थाने हॉर्स्ली नावाच्या चित्रकाराकडून नाताळचे एक चित्र काढवून घेतले व त्याच्या प्रती छापवून विकल्या. तेथून ही प्रथा फोफावली. परंतु परगावच्या आप्तांना संक्रांतीच्या पत्रातून चिमूटभर तिळगूळ किंवा हलव्याचे चार दाणे धाडण्याची आपली चाल सर्वांच्या परिचयाची आहे. नव्या सुनेसाठी अथवा बाळाच्या बोरन्हाणासाठी हलव्याचे दागिने करताना जाड कागदाच्या पट्टीवर दाणे दोऱ्याने बसविण्याची युक्तीही आपल्या आयाआज्यांना ठाऊक होतीच. दाण्याच्या जागी काचेचा मणी घातला की आजचा विषय हाती आला.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात या विषयाला थोडे निराळे महत्त्व आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले, आणि चालू शतकात चाकणच्या माळावर मोटारींचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. मराठवाडा, खानदेश, विदर्भ, अशा दूरदूरच्या मुलुखांतून कुटुंबे येथे येऊन राहिली. यांतील कितीतरी घरांचे कोणी ना कोणी वडीलधारे माणूस मागे गावी असते. सणाच्या दिवशी दूरध्वनीच्या पडद्यावर शुभेच्छांचा पाऊस पडतो खरा. पण जिला अक्षर येत नाही, किंवा जिची नजर अधू झाली आहे, त्या आजीला त्यातले काय मिळते? टाक्यांचे पत्र तिला बोटांनी चाचपता येते. एवढा एकच लाभ ध्यानात घेतला, तरी त्यासाठी दोन-तीन तास खर्ची घालणे मला वावगे वाटत नाही.

आता कागदाकडे वळू. खोक्याचा नालीदार पुठ्ठा या औद्योगिक वस्तीत मुबलक मिळतो, पण तो या कामाला अगदी निरुपयोगी. दोरा ताणताच त्याच्या नाल्या चेपतात. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, त्याचे तंतू आखूड असल्यामुळे तो टाका धरीत नाही. उत्तम तो हातकागद. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेल्या हातकागदात तंतू लांब असतात व ते सर्व दिशांना गुंतलेले असतात. म्हणून छिद्राच्या कडेला तो सहसा चिरत नाही. सुदैवाने हा कागद आपल्या अगदी जवळचा आहे. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था १९४० पासून आहे. आणि चाकणवरून नाशिककडे जाणाऱ्या वाटेने पुढे गेले की जे जुन्नर लागते, तेथील कागदाला जुन्या काळी दख्खनेत चांगले नाव होते. चौरस मीटरला २०० ते २५० ग्रॅम वजनाचा कागद घ्यावा. याहून पातळ कागद दोऱ्याच्या ताणाने आक्रसतो, आणि फार जाड घेतला तर घडीवर तडकतो. यंत्रावर केलेला कागद वापरावयाचा झाल्यास आधी तो दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या दिशेने तो सहज वाकेल, त्या दिशेने घडी घालावी.

छिद्रे नेहमी आधी पाडून घ्यावीत, शिवताना सुईने पाडू नयेत. कांबळ्याची चौपदरी घडी खाली घालावी, वर कागद, त्यावर नक्षी काढलेला पातळ कागद, आणि लाकडी मुठीत बसविलेल्या सुईने एकेक छिद्र सरळ उभे टोचावे. दोन छिद्रांत निदान ३ मिलिमीटर अंतर असावे. हा नियम का, हे पोस्टाचे तिकीट पाहिले की लगेच उमगते. तिकिटे सहज फाडता यावीत म्हणूनच त्यांच्यामध्ये जवळजवळ छिद्रांची ओळ मारलेली असते. आपणही तशीच ओळ मारली तर आपले पत्रही तसेच फाटावयाचे!

एकाच नक्षीची वीस-पंचवीस पत्रे करावयाची असतील तर या भागातील घरांना एक सोय आहे, जी इतरत्र सहजी लाभत नाही. घरातील कोणी यंत्रशाळेत कामाला असेल तर त्याला ‘जिग’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पत्र्याच्या तुकड्यावर नक्षी आखून १ मिलिमीटरच्या ड्रिलने भोके पाडून घेतली की झाला साचा. तो कागदावर दाबून धरावा आणि भोकाभोकांतून टोचीत जावे. प्रत्येक पत्र दुसऱ्याशी तंतोतंत जुळते व आखणीचा वेळ वाचतो. लहान मुलांनाही हे काम देता येते, मात्र टोचणीला मूठ हवी.

भरतकामाच्या सुती लडीत सहा पदर असतात, त्यांतले दोन घ्यावेत. नायलॉनचा बारीक दोरा मजबूत असला तरी कागदाला करवतीसारखा कापतो. पाठीमागे गाठ मारू नये. तिचा उंचवटा पुढच्या बाजूस उमटतो. दोऱ्याचे टोक बोटभर सोडून कागदाच्या चिकटपट्टीने मागे बसवावे. टाका ओढताना हात वर न खेचता कागदालगत आडवा ओढावा.

कोणती नक्षी काढावी? पाकळ्यापाकळ्यांचे गुलाब काढण्याचा मोह होतो, पण कागदावर ते शोभत नाहीत. कागदाला सरळ रेषा मानवते. गंमत अशी की नुसत्या सरळ रेषांतून सुंदर वक्र निर्माण करण्याची एक विद्या आहे, आणि ती प्रसिद्ध केली एका विदुषीने. मेरी एव्हरेस्ट बूल (१८३२–१९१६) हे तिचे नाव. भारताचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट, ज्यांचे नाव हिमालयाच्या शिखराला दिले गेले, ते तिचे चुलते. ज्यांच्या तर्कगणितावर आजची संगणकयंत्रे चालतात ते जॉर्ज बूल तिचे पती. मुलांना भूमितीची गोडी लागावी म्हणून छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवर दोऱ्याने शिवण्याचा पाठ तिने पुरस्कारिला. नियम सांगण्यापूर्वी हाताला अनुभव मिळावा, असे तिचे म्हणणे होते.

कृती अशी. काटकोन काढा. प्रत्येक बाजूवर कोपऱ्यापासून ५ मिलिमीटरांच्या अंतराने १० छिद्रे पाडा व दोन्हीकडे कोपऱ्यापासूनच १ ते १० आकडे पुसट घाला. आता उभ्या बाजूच्या १ मधून सुई वर काढून आडव्या बाजूच्या १० मध्ये घाला. मागून शेजारच्या ९ मधून वर या व उभ्या बाजूच्या २ मध्ये जा. तेथून शेजारचा ३, मग पलीकडचा ८. दोन्ही आकड्यांची बेरीज नेहमी ११ यावी, एवढेच भान ठेवावे. दहा रेषा झाल्या की काटकोनाच्या कुशीत एक वळणदार कमान आपोआप उभी राहते, जरी एकही रेषा वाकडी नसते. हिला परवलय म्हणतात. फेकलेला दगड याच वाटेने जातो, आणि मोटारीच्या पुढच्या दिव्यामागील चकचकीत वाटीचा आकार पुष्कळदा याच वक्रावर बेतलेला असतो. चाकणच्या कारखान्यातून परतलेल्या वडिलांनी ही गोष्ट मुलांना सांगावयास हरकत नाही. या कामाला साधारण ४८ सेंटिमीटर दोरा लागतो. मागची टोके धरून ६५ घ्यावा. असे चार काटकोन पाठीला पाठ लावून शिवले तर चांदणी होते, आणि ती दिवाळीच्या आकाशकंदिलाला किंवा नाताळच्या तारकेला सारखीच चालते.

दुसरी एक युक्ती पिंपरीतल्याच शेजाऱ्यांकडून घेण्यासारखी आहे. फाळणीनंतर पिंपरीच्या छावणीत सिंधी निर्वासित कुटुंबे येऊन स्थायिक झाली. सिंधच्या भरतकामात हुरमुच नावाचा एक टाका आहे. त्यात आधी थोड्या टाक्यांनी पृष्ठभागावर दोऱ्यांची एक चौकट बांधतात. मग सुई कापडात न घालता त्या चौकटीच्या दोऱ्यांतून वरखाली गुंफीत नेतात. कागदाच्या दृष्टीने पाहा: छिद्रे मोजकी आणि भरणी मात्र भरगच्च. कागदावर भरीव नक्षी हवीच असेल तर हुरमुचाइतका सोयीचा टाका मला दुसरा दिसत नाही. गुंफताना सुईचे बोथट टोक पुढे करावे, म्हणजे खालचा कागद ओरखडत नाही.

आता मणी. मण्यांचे वेड आपल्या भूमीत फार जुने. तेर येथील उत्खननांत काचेचे व दगडांचे मणी सापडले आहेत. बाजारात बारीक मण्यांना आकडे असतात व आकडा वाढेल तसा मणी लहान होतो. ११ नंबरचा मणी सुमारे २ मिलिमीटरांचा आणि १५ नंबरचा दीड मिलिमीटरांचा. शुभेच्छापत्राला यापेक्षा मोठा मणी घेऊ नये. तो लोंबतो व पाकिटाला भोक पाडतो. काचेच्या मण्याची कड धारदार असते, म्हणून दोरा मेणावरून ओढून घ्यावा. प्रत्येक मणी दोनदा शिवावा, म्हणजे एक पदर तुटला तरी सारी ओळ ओघळत नाही. मोत्याचा मुलामा दिलेले हलके मणी स्वस्त असतात, पण मुलामा काही दिवसांत सुटतो व पत्र कळाहीन दिसते. मणी थोडेच लावावेत. चांदणीच्या मध्यावर एक आणि टोकांवर चार एवढे पुरे. सारा कागद मण्यांनी मढविलेले पत्र रुखवतात शोभेल, टपालात नव्हे.

मण्याचा एक उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. आळंदीस अंध मुलींची शाळा आहे, पुण्यास कोरेगाव पार्कात जुनी अंधशाळा आहे. आणि दृष्टी नसलेले एखादे मित्र वा नातलग आपल्यापैकी कित्येकांना असतात. त्यांना आपण छापील पत्र देतो व दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावयास लावतो. ब्रेल लिपीत प्रत्येक अक्षर सहा ठिपक्यांच्या चौकटीतील उंचवट्यांनी बनते: डाव्या स्तंभात वरून खाली १, २, ३ आणि उजव्यात ४, ५, ६. भारतीय भाषांसाठी १९५१ साली एकच भारती ब्रेल ठरविण्यात आली. तीत ‘आ’ म्हणजे ३, ४, ५ हे ठिपके, आणि ‘ई’ म्हणजे ३ व ५. पाच मणी लावले की ‘आई’ हा शब्द झाला!

यात अंतरे मात्र काटेकोर पाळावी लागतात. एका अक्षरातील शेजारच्या दोन ठिपक्यांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत सुमारे अडीच मिलिमीटर, आणि एका अक्षराच्या ठिपक्यापासून पुढील अक्षराच्या त्याच ठिपक्यापर्यंत सुमारे ६ मिलिमीटर अंतर असते. म्हणून येथे १५ नंबरचेच मणी घ्यावेत. त्याहून मोठे घेतल्यास ते एकमेकांना भिडून बोटाला एकच गोळा लागेल. आमचा ३ मिलिमीटरांचा नियम येथे मोडतो, तेव्हा कागदाच्या मागे मलमलीचा तुकडा खळीने डकवून तो वाळल्यावरच छिद्रे पाडावीत. मागच्या बाजूने आखणी केली तर अक्षर उलटे होते, हे विसरू नये. आणि देण्यापूर्वी ब्रेल जाणणाऱ्या एखाद्या व्यक्तीच्या बोटांखालून ते एकदा घालावे. डोळ्यांना नीटनेटकी दिसणारी ओळ बोटांना गचाळ लागते, असे होऊ शकते.

कागदाला छिद्रे पाडण्याचे ज्यांना भय वाटते त्यांच्यासाठी आणखी एक मार्ग सांगून ठेवतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१४ ते १९१८ मध्ये, फ्रान्समधील स्त्रिया रेशमी पट्ट्यांवर फुले व निशाणे भरीत; त्या पट्ट्या कापून कागदी चौकटीत बसवीत आणि आघाडीवरचे सैनिक ती पत्रे घरी धाडीत. आपणही जुन्या साडीच्या काठाच्या तुकड्यावर भरून तो कागदाच्या खिडकीमागे चिकटवू शकतो.

बचत गटांतील भगिनी ही पत्रे विक्रीसाठी करू लागल्या आहेत. त्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगावीशी वाटते: किंमत ठरविताना मणी मोजू नका, तास मोजा. सामानाचा खर्च अल्प असल्यामुळे किंमतही अल्प लावली जाते, आणि तीन तासांच्या श्रमाचे मोल कोणीच देत नाही. एकीने टोचावे, दुसरीने शिवावे, तिसरीने मणी ओवावेत, अशी साच्यासह वाटणी केली तरच हिशेब जुळण्याचा संभव. एकटीने करावयाचे असेल तर ते आप्तांसाठीच ठेवावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटी बांधणी व टपाल. मागचे टाके झाकण्यासाठी आतून दुसरा पातळ कागद लावावा. खळ फक्त कडांना, मध्ये नको, नाहीतर कागद फुगतो. मग पत्राएवढा पुठ्ठा घेऊन मण्यांच्या जागी त्यात खिडकी कापावी व तो पत्रावर ठेवूनच पाकीट बंद करावे, म्हणजे टपालातला शिक्का आणि वरच्या गठ्ठ्याचा भार पुठ्ठ्यावर पडेल, मण्यांवर पडणार नाही. तिकीट मण्यांपासून दूरच्या कोपऱ्यात लावावे. वजन पोस्टात करून घ्यावे. कमी तिकीट लावलेल्या पत्राचा दंड आजीला भरावा लागतो.