मुलांपासून काय लपवावे?

आई किंवा वडिलांना कर्करोगाचे निदान झाले की त्यांच्या मनात बहुधा स्वतःआधी मुलांचाच विचार येतो. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९४१ पासून गावोगावचे रुग्ण येत आहेत. उपचार महिनोन्महिने चालतात. आई मुंबईत आणि मुले गावी आजीजवळ, अशी ताटातूट अनेक घरांच्या वाट्याला येते.

व्यापारी कुटुंबांत आजार झाकण्याकडे कल असतो. पेढीची पत, उधारीचे व्यवहार, उद्याची सोयरीक अशी अनेक कारणे त्यामागे असतात. मुलांना ‘आई मामांकडे गेली आहे’ एवढेच सांगितले जाते. परंतु बंद दाराआडची कुजबुज मुलांच्या कानी पडतेच. लहान मुलाला वाटते, आपल्या हट्टामुळेच आई आजारी पडली. मोठे मूल मोबाईलवर अर्धवट माहिती शोधते आणि एकटेच घाबरते.

म्हणून मुलांना तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात : आजाराचे नाव, तो स्पर्शाने पसरत नाही हे, आणि तो कोणाच्याही चुकीमुळे झालेला नाही हे. केमोथेरपीने केस गळण्याची शक्यता असल्यास तेही आधीच सांगावे. ‘आई बरी होईल ना?’ या प्रश्नाला खोटे वचन देऊ नये. ‘डॉक्टर प्रयत्न करीत आहेत, जे कळेल ते तुलाही सांगू’ हे उत्तर खरे आहे आणि मुलाला पेलणारेही आहे. शाळा, पाठशाळा आणि सूर्यास्तापूर्वीचे एकत्र जेवण शक्यतो चुकू देऊ नये.

मोठ्यांनी कागदपत्रांकडेही वेळीच लक्ष द्यावे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ जैनांनाही लागू आहे. त्यानुसार मृत्युपत्रात अज्ञान मुलांसाठी पालक नेमता येतो, मात्र हयात असलेल्या आई-वडिलांचा अधिकार अबाधित राहतो. बँक ठेवींचे नामनिर्देशन तपासावे. विमा पॉलिसीत अज्ञान मुलाचे नाव असल्यास त्याच्या वतीने रक्कम स्वीकारणारी सज्ञान व्यक्ती नेमावी. यात अपशकुन मानण्याचे कारण नाही. दुकानाचा विमा उतरवणारा व्यापारी काही आगीची वाट पाहत नसतो.

आजार किती काळ राहील, हे घरातील कोणाच्याच हाती नसते. मुलाने निर्धास्तपणे प्रश्न विचारावा आणि त्याला खरे उत्तर मिळावे, एवढे मात्र प्रत्येक घराला साधता येते.