पुरावाच गायब असेल तर कोर्ट काय करतं?

पीएचडीचा विषय सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे अपहरणच ना?" दिसायला तसंच. पण अपहरण झालं की आपण पोलिसांकडे धावतो. सक्तीने बेपत्ता करण्यात, म्हणजे एन्फोर्स्ड डिसअपिअरन्समध्ये, नेणारे स्वतःच पोलीस किंवा लष्कर असतात, नाहीतर त्यांच्या आशीर्वादाने वागणारे लोक.

कायद्याच्या दृष्टीने यात तीन गोष्टी लागतात. माणसाचं स्वातंत्र्य हिरावणं, त्यात सरकारचा हात किंवा मूकसंमती, आणि मग "असा कोणी आमच्याकडे नाही" म्हणून कानावर हात ठेवणं. खरी मेख तिसऱ्या गोष्टीत आहे. अटकेची नोंद नाही, मृतदेह नाही, मग कोर्टात सिद्ध काय करणार?

याचं उत्तर एका गाजलेल्या केसमध्ये मिळालं. 12 सप्टेंबर 1981 रोजी होंडुरासच्या राजधानीत, तेगुसिगाल्पामध्ये, मानफ्रेदो वेलास्केझ या विद्यार्थ्याला साध्या कपड्यांतल्या हत्यारबंद लोकांनी भर शहरातल्या पार्किंगमधून उचललं. गाडी पांढरी फोर्ड, नंबरप्लेट नाही. पोलिसांनी आणि सुरक्षा दलांनी अटक नाकारली. देशातल्या कोर्टांत काही हाती लागलं नाही. शेवटी प्रकरण आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयात गेलं. केस चालू असताना, जानेवारी 1988 मध्ये, साक्ष देऊन गेलेल्या एकाचा आणि साक्षीला बोलावलेल्या दुसऱ्याचा खून झाला.

29 जुलै 1988 च्या निकालात कोर्टाने दोन पायऱ्या वापरल्या. पहिली: 1981 ते 1984 या काळात होंडुरासमध्ये 100 ते 150 माणसं अशाच पद्धतीने गायब झाली होती, आणि हे सरकारी यंत्रणेकडून किंवा तिच्या संमतीने चाललं होतं. दुसरी: मानफ्रेदोचं प्रकरण या साच्यात बसतं. इतकं सिद्ध झालं की प्रत्यक्ष पुराव्याचा हट्ट नको, परिस्थितीजन्य पुरावा चालेल. पुरावा ज्याच्या ताब्यात आहे, त्या सरकारला "फिर्यादीकडे पुरावा नाही" असं म्हणून सुटता येणार नाही.

कोर्ट आणखी पुढे गेलं. नेमकं कोणी उचललं हे कळलं नाही, तरी नीट तपास न करणं हाच सरकारचा दोष. आणि त्या माणसाचं काय झालं हे कळेपर्यंत तपासाची जबाबदारी संपत नाही.

मग कोणीही उठून सरकारवर आरोप करावा का? तसंही नाही. होंडुरासमधून जाताना गायब झालेल्या कोस्टा रिकाच्या दोघांची केस याच कोर्टापुढे होती. 1989 च्या निकालात साचा मान्य झाला, पण या दोघांचा त्याच्याशी संबंध सिद्ध झाला नाही. होंडुरास सुटलं. म्हणजे दुसरी पायरी नावापुरती नाही. कुटुंबांच्या दृष्टीने तीच सगळ्यात अवघड.

या गुन्ह्यासाठीचा संयुक्त राष्ट्रांचा स्वतंत्र करार 2006 साली स्वीकारला गेला आणि 2010 मध्ये अमलात आला. बेपत्ता माणसाच्या नातेवाइकांनाही तो पीडित मानतो आणि सत्य जाणण्याचा हक्क देतो. भारताने 2007 मध्ये त्यावर सही केली, पण अजून अनुसमर्थन केलेलं नाही. त्यामुळे तो आपल्यावर बंधनकारक नाही. नुसती सही आणि अनुसमर्थन यांतला फरक कागदी वाटतो, पण घरचा माणूस शोधणाऱ्यासाठी तो "चौकशी करा" अशी विनंती करणं आणि "चौकशी हा माझा हक्क आहे" असं म्हणणं, यांतला फरक असतो.