गुरुवारची सुट्टी आणि समुद्राची तिथी

भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातल्या अनेक लघुउद्योगांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. विजेचा भार वाटला जावा म्हणून उद्योगांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारांना नेमल्या गेल्या, त्यातून ही पद्धत आली. कामगारांच्या घरात मात्र या गुरुवारबद्दल एक कायमची खंत असते. मुलांची शाळा चालू, पाहुणे रविवारी येणार, आणि कोकणात जायचं तर जोडून शनिवार-रविवार हवा. चाकणच्या मोठ्या कारखान्यांत तीन पाळ्यांत काम करणाऱ्यांची तक्रारही जवळपास तीच: सुट्टी मिळते ती भलत्याच वारी.

समुद्राच्या बाबतीत ही खंत चुकीच्या समजावर उभी आहे. किनाऱ्यावर बघण्यासारखं जे खरोखर वेगळं आहे, त्यातलं जवळपास काहीच रविवार बघून घडत नाही. ते घडतं तिथी, भरती-ओहोटी आणि ऋतू यांच्या हिशोबाने. शनिवारी दुपारी पोहोचून, घोडागाडी-बनाना राइड-भजी उरकून रविवारी संध्याकाळी ताम्हिणीच्या रांगेत अडकणाऱ्या कुटुंबाला समुद्र दिसतो, पण त्याचा अर्धा संसार पाण्याखालीच राहतो.

हा संसार बघायचा तर आधी ओहोटी कळायला हवी. त्यासाठी मोबाइलमधलं ॲप लागतंच असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात कोकणातली जुनी माणसं भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी बघून भरतीची वेळ सांगतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. ज्यांना शाळेत पाऊणकीचा पाढा पाठ करावा लागला होता, त्यांना तो इथे कामाला येतो. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. यामागचं कारण साधं आहे. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज जवळपास पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, चंद्रोदयाची सरकते तशीच. १९७३ साली 'कालनिर्णय' सुरू करणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचे, ही गोष्ट इथे सहज आठवते.

हे गणित अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण सहल आखायला पुरेसं आहे. पौर्णिमा किंवा अमावास्या उलटल्यावर प्रतिपदा ते चतुर्थी या दिवसांत सकाळी सात ते नऊच्या दरम्यान ओहोटी लागते, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी नेहमीपेक्षा खूप मागे जातं. हरिहरेश्वर, मुरूड किंवा आंजर्ल्याकडच्या खडकाळ किनाऱ्यांवर तेव्हा कातळाच्या खळग्यांत पाणी साचून राहतं. त्यात समुद्रफुलं, शंखातून डोकावणारे खेकडे, दगडाला चिकटलेली कालवं आणि एखाद्या वेळी छोटा ऑक्टोपसही सापडतो. मुंबईत 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या नागरी उपक्रमाने २०१७ पासून अशा किनारफेऱ्या काढून दाखवून दिलं, की गिरगाव आणि हाजीअलीसारख्या गजबजलेल्या ठिकाणीही हे जीवन टिकून आहे. मग श्रीवर्धन-हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर ते किती असेल! फक्त दगड उलटा केला तर तो पुन्हा होता तसा ठेवायला हवा. त्याच्या खालच्या बाजूला राहणारे जीव उन्हात मरतात.

भरतीबद्दलचा दुसरा समज जास्त घातक आहे. समुद्र फक्त अमावास्या-पौर्णिमेला धोक्याचा, एरवी शांत, असं घाटावरची बरीच मंडळी धरून चालतात. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्यातल्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. त्या दिवशी ना अमावास्या होती ना पौर्णिमा. अमावास्येला अजून आठवडा होता, म्हणजे कोळी ज्याला 'भांग' म्हणतात तो पाण्याचा चढउतार कमी असण्याचा काळ. पाणी चढू लागतं तेव्हा किनाऱ्यालगतचे खोलगट भाग आधी भरतात, आणि पुढे वाळूच्या उंचवट्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या मागे पाणी खोल होत जातं. फुटलेल्या लाटांचं पाणी समुद्राकडे परततं ते अशाच खोलगट वाटांनी. जिथे लाटा फुटत नाहीत आणि पाणी शांत दिसतं, तीच जागा अनेकदा आत ओढणाऱ्या प्रवाहाची असते. पवनेत किंवा इंद्रायणीत पोहायला शिकलेल्याला हा प्रवाह ओळखीचा नसतो. त्यात सापडल्यावर किनाऱ्याकडे झुंजत येण्यापेक्षा किनाऱ्याला समांतर सरकत ओढीबाहेर पडायचं असतं. आणि स्थानिक माणूस 'इथे उतरू नका' म्हणाला, तर तिथे उतरायचं नाही.

गाड्यांच्या बाबतीत हा औद्योगिक पट्टा स्वतःला जाणकार समजतो, आणि ते खरंही आहे. देशभर धावणाऱ्या गाड्या इथेच तयार होतात. तरी 'ओहोटीची ओली वाळू रस्त्यासारखी घट्ट असते, फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी आरामात जाते' हा समज इथल्या पर्यटकांतही पक्का आहे. ओली वाळू वरून घट्ट असते, कारण कणांमधलं थोडंसं पाणी त्यांना धरून ठेवतं. पाणी चढू लागलं की कणांमधल्या साऱ्या फटी पाण्याने भरतात, गाडीच्या वजनाने आणि फिरणाऱ्या चाकाच्या हादऱ्याने तीच वाळू मऊ होते आणि चाक खणत खाली जातं. अलिबाग-दापोलीच्या किनाऱ्यांवर रुतलेल्या गाड्या ट्रॅक्टर आणि जेसीबीने ओढून काढल्याच्या बातम्या वारंवार येतात. खारं पाणी ब्रेक, वायरिंग आणि सेन्सरमध्ये शिरलं तर पुढचा खर्च कारखान्यातल्या माणसाला वेगळा सांगायला नको. त्याहून मोठं नुकसान चाकाखाली होतं. खेकड्यांची बिळं दबतात, आणि हिवाळ्यात त्याच वाळूत कासवाची अंडी असू शकतात.

कासवांचं गाव म्हणून मंडणगड तालुक्यातलं वेळास आता बऱ्याच जणांना माहीत आहे. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने २००२ मध्ये भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने इथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचं काम सुरू केलं आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. त्याआधी ही अंडी खाण्या-विकण्यासाठी सर्रास उकरली जात. आज गावातले लोकच पहाटे किनारा तुडवून घरटी शोधतात, प्रत्येकातली शंभरेक अंडी कुंपणातल्या सुरक्षित वाळूत हलवतात, आणि पाहुण्यांची राहण्या-जेवणाची सोय गावातल्या घरांमधूनच होते.

वेळासबद्दलचे गैरसमजही तितकेच पसरलेले आहेत. कासवं बघायला जायचं म्हणजे मोठी मादी दिसणार, असं मुलांना सांगून नेलं जातं. मादी बहुधा रात्री येते, अंडी घालून बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पिल्लांची वाट बघायला ती थांबत नाही. महोत्सवात दिसतात ती पिल्लं, तीही साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिलपर्यंत, सकाळी आणि संध्याकाळी. अंडी उबेवर ४५ ते ६० दिवसांत फुटतात. कुठल्या दिवशी किती पिल्लं बाहेर येतील हे कुणीही आधी सांगू शकत नाही. वाळूचं तापमान जास्त असेल तर माद्या जास्त जन्मतात, कमी असेल तर नर. पिल्लं चालताना दमलेली दिसतात म्हणून त्यांना उचलून पाण्यात सोडणं ही दया नव्हे. वाळूवरचं ते काही मीटरचं चालणं त्यांनी स्वतःच करायचं असतं. मोबाइलचा दिवा तर मुळीच लावू नये, कारण पिल्लं उजेडाच्या दिशेने वळतात.

एक मोठा समज तर अभ्यासकांनाही पुन्हा तपासून बघावा लागला. पूर्व किनाऱ्यावरची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी, असं मानलं जाई. २०२१ मध्ये ओडिशात खुणेचा बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. म्हणजे भारताच्या टोकाला वळसा घालून ती बंगालच्या उपसागरातून अरबी समुद्रात आली होती.

वेळासला पिंपरी-चिंचवडहून जायचं तर लोक सहसा महाड-मंडणगडचा रस्ता धरतात. दुसरी वाट जास्त रंगतदार आहे: मुळशी, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर, आणि बागमांडल्याच्या धक्क्यावरून गाडीसकट फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेसवी. समोर बाणकोटचा किल्ला, आणि थोड्याच अंतरावर वेळास, नाना फडणवीसांच्या घराण्याचं गाव. या वाटेवर मुळशीचं धरण लागतं, तिथे दोन मिनिटं थांबावं. घाटमाथ्यावर पडणारं पाणी समुद्राला इतकं जवळ, तर ते कोकणातच जात असणार असं कुणालाही वाटेल. पवनेचं पाणी मात्र मुळा, भीमा, कृष्णा असा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळतं. मुळशीचं पाणी टाटांच्या वीजप्रकल्पासाठी पश्चिमेकडे वळवलेलं आहे. ते भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेत उतरतं आणि रेवदंड्याच्या खाडीला जातं. कोलाडचं राफ्टिंग याच सोडलेल्या पाण्यावर चालतं. या धरणात बुडालेल्या गावांसाठी सेनापती बापटांनी १९२०च्या दशकात सत्याग्रह केला होता, हेही मुलांना इथेच सांगावं.

रात्रपाळी संपवून थेट स्टिअरिंगवर बसणाऱ्यांनी हा घाट टाळावा. आधी झोप, मग प्रवास. नाहीतर एसटी आहेच.

ताजी मासळी किनाऱ्यावरच्या हॉटेलात मिळते, हाही एक सोयीचा समज. ती ताजी असते बंदरात. दापोली तालुक्यात हर्णैला दुपार कलली की होड्या लागतात आणि सुवर्णदुर्गाच्या साक्षीने वाळूवरच लिलाव सुरू होतो. बोली लावणाऱ्या बायकांचा वेग बघत उभं राहणं हा स्वतंत्र कार्यक्रम आहे. मालवण, देवबाग, आचऱ्याकडे नशीब असेल तर रापण बघायला मिळते. होडी अर्धवर्तुळात जाळं टाकून येते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून सगळे मिळून ओढतात. विचारून हात लावला तर रापणकर सहसा नाही म्हणत नाहीत. पर्ससीन जाळ्यांच्या मासेमारीने रापणीचे मासे घटले, त्याविरुद्ध पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं लढले आणि २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे त्या दिवसांत कुणी खोल समुद्रातली 'आजचीच' सुरमई वाढत असेल, तर दोन प्रश्न जरूर विचारावेत.

खारफुटी म्हणजे चिखल आणि डास, हे मत वेंगुर्ल्याला जाऊन बदलता येतं. तिथल्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या महिला होडी वल्हवत पर्यटकांना खारफुटीतून नेतात, चिखलातून वर आलेली श्वासमुळं दाखवतात. पांढरी चिप्पी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे, आणि तो ओळखायला शिकवणाऱ्या या बायकांनी काम सुरू केलं तेव्हा त्यांच्याकडे पर्यटनाचा कुठलाही अनुभव नव्हता.

दोन दिवस हातात असतील तर राजापूर तालुक्यातलं कशेळी गाठावं. कनकादित्याचं सूर्यमंदिर आणि देवघळीचा किनारा लोक बघतात, पण सड्यावर, उघड्या जांभ्या कातळात कोरलेल्या सुमारे १८ मीटर लांबीच्या हत्तीपर्यंत थोडेच पोहोचतात. त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृत्या आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून अशी शेकडो कातळशिल्पं नोंदवली. कातळशिल्पांच्या नऊ ठिकाणांचा समूह २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आला, त्यात कशेळी, बारसू, उक्षी आहेत. ती नेमकी कुणी आणि केव्हा कोरली हे अजून ठरलेलं नाही. तिथे कुंपणाबाहेर उभं राहावं, रेषांवर पाय देऊ नये आणि फोटोसाठी त्यांत खडू-चुना तर कधीच भरू नये.

भोसरीतल्या, चाकणमधल्या, तळवड्यातल्या ज्यांना आडवारी सुट्टी आहे, त्यांनी आता भिंतीवरचं कॅलेंडर काढून पुढच्या दोन महिन्यांचे गुरुवार बघावेत. ज्या गुरुवारी प्रतिपदा ते चतुर्थी यांपैकी तिथी पडते, त्यावर खूण करावी, बुधवारी रात्री श्रीवर्धन किंवा हरिहरेश्वरला मुक्काम टाकावा आणि सकाळी सातला खडकावर पोहोचावं. ओहोटीची नेमकी वेळ आदल्या संध्याकाळीच गावातल्या एखाद्या कोळ्याला विचारून घ्यावी, आणि तो सांगेल त्या वेळेला परत फिरावं.