मुकी बाहुली आणि मुलाचे मन

नियमित शाळेत येणारे, आज्ञाधारक मूल एकाएकी अबोल होते. पाढे पाठ असूनही फळ्यापुढे उभे राहताच त्याला काही आठवेनासे होते. शिक्षकाने कारण विचारले, तर ‘काही नाही’ एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर लबाडीचे नसते. मुलाला भय वाटत असते, परंतु त्या भयाला नाव देता येत नाही. आणि नाव सापडले तरी ते वडील माणसांपुढे उच्चारण्याचा धीर होत नाही. अशा कोंडलेल्या मनाला वाट कशी करून द्यावी, हा प्राथमिक शिक्षकापुढील नित्याचा प्रश्न होय.

मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशाच्या डोंगराळ भागात या प्रश्नावर एक साधा लोकोपाय रूढ आहे. काडीवर किंवा तारेवर रंगीत सूत आणि कापडाच्या चिंध्या गुंडाळून तेथे बोटाएवढ्या बाहुल्या करतात. निजण्यापूर्वी मूल एकेका बाहुलीला एकेक चिंता सांगते आणि बाहुल्या उशीखाली ठेवून झोपी जाते. रात्री चिंता बाहुलीने वाहावी, मुलाने नव्हे, अशी त्यामागील समजूत आहे. इंग्रज चित्रकार-लेखक अँथनी ब्राउन यांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका बालपुस्तकात तर, आपल्या चिंता बाहुल्यांवर सोपविल्यावर नायकाला त्या बिचाऱ्या बाहुल्यांचीच चिंता लागते आणि तो त्यांच्यासाठी आणखी बाहुल्या करतो!

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. येथील मुका श्रोता म्हणजे घरातील जाते. पहाटे दळावयास बसलेली स्त्री जात्याला देव मानून माहेरची ओढ, सासरचा जाच, लेकराचे दुखणे असे सारे ओवीतून त्याच्यापाशी बोलत असे. घरात जे कोणापुढे बोलता येत नव्हते, ते जात्याच्या घरघरीत बोलता येत होते. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर या पुण्यातील अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह मुळशी, मावळ आणि महाराष्ट्राच्या अन्य भागांतील हजाराहून अधिक गावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित केल्या. त्या संग्रहावरून या मूक श्रोत्याने किती दुःख ऐकून घेतले असेल याची कल्पना येते. मुलींच्या भातुकलीतही हेच घडते. ठकीला आई रागे भरते तेव्हा ती बहुधा खेळणारीच्या घरातील भाषा बोलत असते.

वारजे हे एके काळी हवेली तालुक्यातील शेतीचे गाव. आज ते पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. पिठाची गिरणी आली आणि घराघरांतील जाती थांबली. हे कष्ट सरले, ते योग्यच झाले. परंतु त्याबरोबर तो श्रोताही गेला. कामासाठी बाहेरगावाहून आलेल्या कुटुंबात आईवडील दिवसभर कामावर असतात आणि एका खोलीच्या बिऱ्हाडात मनातले बोलावयास कोपराही नसतो. शहराच्या कडेने वाढणाऱ्या कोणत्याही गावच्या शिक्षकास हे चित्र ओळखीचे वाटेल.

बाहुलीत कोणतीही जादू नाही. न बोललेली चिंता निराकार असते, म्हणून ती मोठी भासते. तिचे वाक्य झाले की तिला सीमा येते. शिवाय बाहुली हसत नाही, उपदेश करीत नाही आणि चहाडीही करीत नाही. १९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकन संशोधकांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार दिवस रोज १५ मिनिटे आपल्या क्लेशकारक अनुभवांविषयी लिहावयास सांगितले. लिहून होताच त्यांचे मन अधिक खिन्न झाले; परंतु ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना पुढील महिन्यांत आरोग्यकेंद्रात जावे लागण्याचे प्रसंग कमी आले. २०११ साली जेरार्डो रामिरेझ आणि सायन बायलॉक यांना असे आढळले की, परीक्षेपूर्वी १० मिनिटे आपली भीती कागदावर उतरविणाऱ्या घाबरट विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारते.

कार्यानुभवाच्या तासाला हा उपक्रम सहज घेता येईल. खराट्याच्या काड्या, शिंप्याकडील चिंध्या आणि दोरा एवढे साहित्य पुरे. ठेवावयास रिकामी काडेपेटी चालते. प्रत्येक मुलाने स्वतःची बाहुली स्वतः करावी. एका बाहुलीला एकच चिंता सांगावी. तू काय सांगितलेस, असे शिक्षकाने कधीही विचारू नये आणि बाहुलीला गुण देऊ नयेत. वरच्या इयत्तांतील मुलांना चाचणीपूर्वी १० मिनिटे भीती लिहू द्यावी आणि तो कागद त्यांनाच फाडू द्यावा.

मात्र एक मर्यादा कटाक्षाने ध्यानात ठेवावी. अंधाराची, परीक्षेची, मैत्रिणीच्या अबोल्याची चिंता बाहुली वाहू शकते. मारहाण, उपासमार, नकोसा स्पर्श किंवा घरात ठरत असलेला बालविवाह यांचे ओझे बाहुलीवर सोडून चालणार नाही. तेथे हाडामांसाचा माणूसच हवा. म्हणून बाहुल्या करताना मुलांना स्पष्ट सांगावे, की जी चिंता सकाळीही तशीच राहते, ती बाईंना अथवा गुरुजींना सांगावी. अशा वेळी ‘मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन शिक्षकाने देऊ नये. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळताच पोलिसांना कळविणे २०१२ च्या बालसंरक्षण कायद्यान्वये बंधनकारक आहे. अडचणीतील बालकांसाठी १०९८ हा विनामूल्य दूरध्वनी अहोरात्र उपलब्ध आहे. तो क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मुलांच्या नजरेच्या उंचीवर, ठळक अक्षरांत लिहून ठेवावा.